डाव्या इंजिनाची शीळ

दमदम विमानतळाच्या मागच्या अंगाला जयप्रकाशबाबूंचं एक लहानसं हँगर आहे. तिथे विमान एकच, आणि सही करणारी बाईही एकच. विमान तेहतीस वर्षांचं, बाई त्रेपन्न वर्षांची, आणि दोघांपैकी कुणालाही म्हातारं म्हटलेलं बाईला खपत नाही. बाईचं नाव वृंदा चांदोरकर. विमानाचं नाव किंग एअर, मॉडेल बी-दोनशे. दोन इंजिनं, त्यांच्यापुढे फिरणारे दोन पंखे, आत आठ माणसांची ऐसपैस सोय आणि इंग्रजी टी अक्षरासारखी उंच शेपटी.

सहीचं काय ते आधीच सांगून टाकतो. दुरुस्ती-तपासणी झाली की परवाना असलेल्या इंजिनिअरने ‘हे विमान उडायला योग्य आहे’ असं वहीत लिहून खाली सही करायची असते. ती सही नसेल तर कॅप्टन कितीही शूर असो आणि मालक कितीही आरडाओरडा करो, विमान जागचं हलत नाही. किंग एअरसाठीचा परवाना त्या हँगरमध्ये एकट्या वृंदाकडे होता. म्हणजे जयप्रकाशबाबूंचं लाडकं विमान एका मराठी बाईच्या पेनाच्या टोकावर उभं होतं, आणि हे त्यांना रोज आठवत असे.

वृंदा मूळची धुळ्याची. वडील एसटीच्या वर्कशॉपात हेडमेकॅनिक. गाडी आगाराच्या फाटकातून आत शिरतानाच ते भाकरीचा तुकडा हातात धरून सांगायचे, ‘हिचं मागलं बेअरिंग गेलंय.’ पोरीने तो कान उचलला आणि तो घेऊन विमानांकडे गेली. मुंबईत शिकायला आली तेव्हा वर्गात सदतीस मुलगे आणि ही एकटी. पुढे सव्वीस वर्षं तिने एका खासगी कंपनीत किंग एअर विमानंच सांभाळली. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याची, अजेयची, बँकेने कोलकात्याला बदली केली. नातेवाईक म्हणाले, ‘आता जरा घरी बस, कालीघाटचं दर्शन घे, मासे खायला शीक.’ वृंदाने बालीगंजच्या फ्लॅटमधले खोके पुरते उघडलेही नव्हते, तेवढ्यात दमदमला जाऊन नोकरी मिळवली. बालीगंजहून सियालदा, तिथून दमदम कँटोन्मेंट, मग ऑटो. कालीघाटचं दर्शन अजून व्हायचंय.

हँगरमध्ये कुणी नवा माणूस आला की वृंदा त्याला आधी चहा देते आणि मग विमानाची जन्मकथा ऐकवते. चहा नको म्हणता येतो, कथा नको म्हणता येत नाही.

“ही मुळात राणी होती,” अशी तिची सुरुवात. अमेरिकेत विचिटा नावाच्या गावी हे विमान बनवणाऱ्या कंपनीचं एक साधं पेट्रोलवर चालणारं विमान होतं, त्याचं नाव क्वीन एअर. दणकट, पण आवाज फार आणि उंच जाण्यात कमी. तिकडे कॅनडातल्या एका कारखान्याने एक छोटं टर्बाइन इंजिन काढलं होतं. विचिटाच्या मंडळींनी राणीचं धड घेतलं, आत हवेचा दाब राखता येईल असं ते मजबूत केलं, दोन्ही पंखांवर ही नवी इंजिनं बसवली आणि चौसष्ट सालच्या जानेवारीत ते आकाशात सोडलं. राणीचा राजा झाला, म्हणून नाव किंग एअर. “आणि हे सगळं झालं तेव्हा कंपनीच्या खुर्चीवर कोण होतं माहितीये? संस्थापकाची बायको. नवरा वारल्यावर चौदा वर्षं तीच कारखाना चालवत होती. राजाचा कारभार बाईच्या हाती!” हे वाक्य ती थोडं मोठ्याने म्हणते, विशेषतः जयप्रकाशबाबू जवळपास असतील तर.

मग बहात्तर सालची उंच शेपटी, पंख्यांच्या झोतातून वर काढलेली. मग इंजिनं केबिनपासून थोडी लांब सरकवली, म्हणजे आत बसलेल्यांना आवाज कमी. आणि मग तिचा आवडता भाग. ऐंशीच्या दशकात खुद्द कंपनीलाच वाटलं की हे विमान आता जुनं झालं. म्हणून तिने एक अफलातून विमान बनवलं, पंखे मागे, शेपटी पुढे, धातूऐवजी सगळं कार्बनच्या धाग्यांच्या थरांचं. बघणारा तोंडात बोट घालायचा. पण ती विमानं बनली एकंदर त्रेपन्न, आणि त्यातली बरीचशी पुढे कंपनीनेच परत घेऊन मोडीत काढली. किंग एअर मात्र आजही कारखान्यातून बाहेर पडतंय. “साठ वर्षं!” वृंदा कपाळाला हात लावते. “ज्याने जागा घ्यायची तो गेला, हा आहे तिथेच आहे.” हे सांगताना तिचा चेहरा असा होतो की ऐकणाऱ्याला वाटावं, विमानाचा आराखडा हिनेच धुळ्याला बसून काढला.

ह्या इंजिनाची एक खोड ध्यानात ठेवायला हवी. ते उलटं आहे. इतर इंजिनांत वारा पुढून शिरतो आणि मागून निघतो. इथे वारा मागच्या टोकाकडून जाळीतून आत जातो, पुढे पुढे येत दाबला जातो, पेटतो, आणि पंख्याजवळच्या धुराड्यातून बाहेर पडतो. “उलट्या खोपडीचं आहे, पण डोकं शाबूत आहे,” असं वृंदा म्हणते. अजेय म्हणतो, म्हणूनच तिचं आणि इंजिनाचं जमतं.

आता वृंदाच्या बंगालीबद्दल. तिला भाषेचं भय नाही, आणि हीच पंचाईत आहे. बंगाली म्हणजे काय, मराठी शब्द घ्यायचा, त्यातल्या ‘अ’चा तोंड गोल करून ‘ओ’ करायचा, ‘व’ला ‘ब’ म्हणायचं, की झालं, अशी तिची समजूत. पुष्कळदा हे चालतंही. हँगरमधली माणसंही तिला ब्रिंदादी म्हणतात, त्यामुळे हा नियम दोन्ही बाजूंनी लागू आहे, असं तिला वाटतं. बजबजहून रोज लोकलने येणारे जुने मेकॅनिक नारायणदा तिच्या बंगालीवर कधी हसत नाहीत. ते मान खाली घालून पाना पुसतात. त्यांचा पाना फार स्वच्छ असतो.

तर गोष्ट अशी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हँगरमध्ये उत्साह होता. कोलकात्यातल्या काही शल्यविशारदांनी ठरवलं होतं की दर पंधरवड्याला शनिवारी कूचबिहारला जायचं, जन्मतः ओठ किंवा टाळू फाटलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करायच्या आणि रविवारी परत यायचं. कूचबिहारची धावपट्टी आखूड. मोठ्या विमानाला तिथे जागा नाही, किंग एअरला पुरून उरते. वर्षभराचा करार होणार होता. जयप्रकाशबाबूंनी स्पष्टच सांगितलं होतं की करार झाला तर विमान राहील, नाही झाला तर सुटे भाग करून विकतो आणि हँगर बंद करतो. इंजिनं एकाला, पंखे दुसऱ्याला, खुर्च्या तिसऱ्याला. हँगरमधल्या अकरा जणांच्या नोकऱ्याही त्याबरोबर. पहिली फेरी शनिवारी होती.

मंगळवारी तपासणी संपवून इंजिनं चालवून पाहिली. कॅप्टनने ती बंद केली आणि वृंदा नेहमीप्रमाणे पुढे जाऊन उभी राहिली, डोळे मिटून. इंधन तोडल्यावर हे इंजिन अर्धा मिनिट आपल्याच वेगात फिरत हळूहळू निवतं. उजवं नीट निवलं. डावं निवता निवता एक बारीक शीळ घालून गेलं.

“ऐकलंत?” तिने विचारलं.

कुणीच ऐकलं नव्हतं. कॅप्टनने नाही, नारायणदांनी नाही, तन्मयने तर नाहीच. तन्मय घोषाल हा तिथला नवा गुणवत्ता व्यवस्थापक, चौतिशीचा, हुशार, कागदाला देव मानणारा. सहा महिन्यांपूर्वी ही जागा रिकामी झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की ती वृंदाला मिळेल. वृंदाने अर्जच केला नव्हता, कारण त्या जागेवर बसलं की हात काळे होत नाहीत. पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

बुधवारी तन्मयने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. तेलात धातूचा कण नाही. कंपनं मर्यादेत. इंजिनाच्या तापणाऱ्या भागात बारीक कॅमेरा घालून पाहिला, सगळं चकचकीत. “दीदी, कागद तर स्वच्छ आहेत,” तो म्हणाला.

“भिंतीला कान असतात रे, कागदाला नसतात,” वृंदा म्हणाली. “मागची जाळी उघडू. वारा जिथून आत शिरतो तिथे बघू.”

जाळी उघडायची तर पूर्ण दिवस मोडणार आणि त्याला तन्मयची लेखी परवानगी हवी. तेवढ्यात जयप्रकाशबाबू आले. त्यांच्या तीन पिढ्या कोलकात्यात ताग आणि चहाचा व्यापार करण्यात गेल्या. माणूस वाईट नव्हे, पण घाईचा.

“कागद स्वच्छ आहेत, तर सही का नाही?” त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

वृंदाला त्या क्षणी फार मोठं काहीतरी बोलायचं होतं. एकोणतीस वर्षांत एकदाही मन खात असताना सही केली नाही, ही सही म्हणजे माझी अब्रू आहे, माझा अभिमान आहे. सगळ्यांना नीट कळावं म्हणून तिने ते बंगालीत सांगायचं ठरवलं. वहीतल्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून, तोंड पुरेसं गोल करून, ती ठासून म्हणाली, “एटा आमार ओभिमान.”

तन्मयने मान खाली घातली. नारायणदांनी पाना पुसायला घेतला. जयप्रकाशबाबूंचा आवाजच बदलला. “अच्छा, अच्छा,” ते हळुवारपणे म्हणाले. “ऐसी बात है.” आणि पाठ वळवून निघून गेले. आपल्या एका वाक्याने मालक गप्प झाला ह्या आनंदात वृंदा संध्याकाळी घरी गेली.

गुरुवार विचित्र उजाडला. जाळी उघडायची परवानगी कुठेच दिसेना. त्याऐवजी नारायणदांनी बजबजहून संदेश मिठाईचा डबा आणला आणि तिच्या टेबलावर ठेवला. “दीदी, राग कोरबेन ना,” ते म्हणाले. रागावू नका. वृंदा म्हणाली, मी कुठे रागावलेय? नारायणदांनी समजूतदारपणे मान हलवली, जणू लहान मूल ‘मी रडत नाहीये’ म्हणतंय. मग तन्मय आला. तो म्हणाला, दीदी, तुम्ही मला आईसारख्या, ही खुर्ची खरं म्हणजे तुमचीच होती. मग कॅप्टन येऊन तिच्या कामाची स्तुती करून गेला. दुपारी जयप्रकाशबाबूंनी चिठ्ठी पाठवली की कचेरीत तुमच्यासाठी वेगळी खोली काढतो. आणि जाता जाता तन्मय संकोचून म्हणाला की दिल्लीहून एक परवानाधारक इंजिनिअर उद्या दुपारी येतोय. तुम्हाला सही करायची इच्छा नसेल तर ते करतील. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

संध्याकाळी बालीगंजच्या स्वयंपाकघरात वृंदाने हे सगळं अजेयला सांगितलं. “वेड लागलंय सगळ्यांना. मी म्हणतेय जाळी उघडा, आणि हे मला मिठाई चारतायत!”

“तू नक्की काय म्हणालीस?” अजेयने विचारलं. तो बँकेतल्या सहकाऱ्यांकडून व्यवस्थित, व्याकरणासकट बंगाली शिकला होता.

तिने सांगितलं. अजेयने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, वृंदाने पाणी दिलं, ते पिताना तो पुन्हा हसला.

“अगं बाई, बंगालीत अभिमान म्हणजे आपला अभिमान नव्हे! आपल्या माणसाने दुखावलं की मनात जो रुसवा धरतात ना, तो अभिमान. तू सगळ्यांसमोर वहीवर बोट ठेवून सांगितलंस की मी सही करत नाही, कारण मी रुसलेय! आणि त्यांना वाटलं तन्मयला खुर्ची मिळाली म्हणून. आता ते तुझा रुसवा काढतायत.”

वृंदा आधी लाल झाली, मग तीही हसली. संदेशचा डबा उघडून दोघांनी दोन-दोन खाल्ले. पण हसू ओसरल्यावर तिने तिसरा हातात घेऊन तसाच परत ठेवला, आणि अजेयला कळलं की अजून काहीतरी आहे.

“ती जाळी गेल्या ऑक्टोबरात आम्हीच काढून धुऊन बसवली होती,” ती म्हणाली. “दुर्गापूजेची अष्टमी होती. दुपारपासून ढाक वाजत होते, सगळ्यांना घरी जायची घाई. बसवली नारायणदांनी, सही माझी. वरचा भाग मी पाहिला. खालचा आरसा धरून बघायचा असतो. तो पाहिला की नाही, मला आठवत नाही.”

“म्हणजे चूक निघाली तर तुझीच?”

“हो. आणि शीळ त्याच बाजूची आहे.”

अजेयने तिला ‘मग सोड ना’ म्हटलं नाही. तीस वर्षांचा संसार होता, एवढं त्याला कळत होतं. तो एवढंच म्हणाला, “मग सकाळची लवकरची लोकल पकड.”

शुक्रवारी तन्मय आला तेव्हा वृंदा त्याच्या टेबलासमोर उभी होती. “ऐक,” ती ह्या वेळी साध्या हिंदीत म्हणाली. “मी रुसलेली नाही. तुझी खुर्ची मला फुकट दिली तरी नको. मी परवा बोलले तो अभिमान मराठीतला होता. मराठीत त्याचा अर्थ असा की माझी मान ताठ आहे आणि ती मला ताठच ठेवायचीय. डाव्या इंजिनात काहीतरी आहे. दिल्लीचा माणूस यायच्या आत जाळी उघड. काही नाही निघालं तर मी सहीही करते आणि राजीनाम्यावरही सही करते.”

तन्मयला आधी लाज वाटली आणि मग त्याने पेन उचललं. एवढा दिवस वाया गेला तो रुसवा काढण्यात, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. परवानगी दोन मिनिटांत मिळाली.

नारायणदांनी झाकणं काढली. इंजिनाच्या मागच्या टोकाला गोल फिरलेली तारेची जाळी दिसू लागली. वरून ती ठीक होती. वृंदा गुडघ्यांवर बसली, खालून आरसा धरला, बॅटरी लावली. जाळीची खालची कड नीट बसलेली नव्हती. सहा महिने ती कंप पावत घासली होती आणि बोटाच्या पेराएवढी एक तार तुटून नाहीशी झाली होती. नाहीशी म्हणजे कुठे, ते सांगायला नको. वारा जिथे जातो तिथेच.

जाळी उतरवली. आतल्या पहिल्या चक्राचं एकेक पातं तिने बॅटरीच्या उजेडात फिरवून पाहिलं. सातव्या पात्याच्या धारेवर तांदळाच्या दाण्याएवढी खाच होती, तीच शीळ घालत होती. तिने त्यावर लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी भुकटी मारली. थोड्या वेळाने पांढऱ्यावर केसासारखी एक लाल रेघ उमटली. खाचेपासून निघून आत गेलेला तडा. ते पातं मिनिटाला हजारो फेरे घेत होतं. आखूड धावपट्टीवरून, डॉक्टरांनी भरलेलं विमान पूर्ण ताकदीने वर उठवताना ते तुटलं असतं तर काय झालं असतं, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

नारायणदा मटकन खाली बसले. “मीच बसवली होती,” ते म्हणाले.

“बसवली तुम्ही. सही माझी,” वृंदा म्हणाली. “उठा आता.”

तिने वही उघडली आणि लिहायला घेतलं. बिघाड काय, कुठे सापडला. मग कारणाचा रकाना आला. तन्मय शेजारी उभा होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, “दीदी, जाळी जुनी होऊन झिजली, असं लिहिलं तरी चालेल. डॉक्टर आज दुपारी करारावर सही करायला येतायत आणि विमानाच्या वह्या बघायची त्यांची अट आहे. तुम्ही आपली चूक लिहिलीत तर करार जाईल. विमान जाईल.”

हे वृंदाला ठाऊक नव्हतं असं नाही. तिने वर पाहिलं. पांढरं, लांब पंखांचं ते विमान, ज्याची कथा तिने शंभर जणांना सांगितली होती, ते तिच्या एका ओळीने सुट्या भागांत विकलं जाणार होतं. तिला मनापासून रडू आलं. डोळे पुसले आणि लिहिलं: ‘मागील ऑक्टोबरमध्ये जाळी बसवताना खालची कड आरशाने तपासली नाही. तपासणीतील ही चूक माझी आहे. वृंदा चांदोरकर.’ आणि खाली आणखी एक ओळ, की हे विमान उडण्यास अयोग्य आहे.

दिल्लीचा इंजिनिअर दुपारी आला. त्याने वही वाचली, ती लाल रेघ पाहिली, आणि खिशात लावलेलं पेन आणखी आत खोचलं. “कागद बघून मी सही केली असती, मॅडम,” तो म्हणाला आणि परतीच्या विमानाची चौकशी करायला गेला.

डॉक्टर यामिनी सान्याल तीनच्या सुमारास आल्या. साठीच्या, बारीक, सुती साडी, कमी बोलणाऱ्या. शल्यविशारदांच्या त्या गटाच्या त्या प्रमुख. जयप्रकाशबाबूंनी चहा मागवला, हवामानावर बोलले, तागावर बोलले, वही सोडून सगळ्यावर बोलले. मग वृंदानेच ती नेऊन डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवली.

डॉक्टरांनी शेवटचं पान वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. “हे कुणी लिहिलं?”

“मी,” वृंदा म्हणाली.

“तुमच्यावर कुणी दबाव आणला नाही? म्हणजे हे लिहायला?”

“लिहायला नाही. न लिहायला आणला.”

जयप्रकाशबाबूंनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी वही मिटली.

“आमच्याकडे महिन्यातून एकदा दार लावून सगळे सर्जन बसतात,” त्या सावकाश म्हणाल्या. “कुणाच्या हातून काय चुकलं ते ज्याचं त्याने सांगायचं. चौतीस वर्षांत मी पुष्कळ हुशार लोक पाहिले. त्या खोलीत गप्प बसणाऱ्याला मी दुसऱ्यांदा टीममध्ये घेत नाही.” मग जयप्रकाशबाबूंकडे वळल्या. “उद्याची फेरी रद्द. मुलांना मी कळवते. हे विमान किती दिवसांत उभं राहील?”

“दुसरं इंजिन भाड्याने आणावं लागेल. सहा आठवडे,” मालकाच्या आधी वृंदाच म्हणाली.

“मग सहा आठवड्यांनी. करारात एक कलम घाला. कूचबिहारच्या फेरीला सही ह्यांचीच लागेल. नसेल, तर आम्ही बसणार नाही.”

त्या गेल्यावर जयप्रकाशबाबू बराच वेळ विमानाभोवती फिरत राहिले. शेवटी वृंदासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले की वेगळी खोली नको असेल तर राहू द्या, पण हँगरमध्ये एक चांगली खुर्ची तरी घ्या. वृंदाने खुर्ची घेतली.

तन्मयने नियमाप्रमाणे तिच्या चुकीचा अहवाल वर पाठवला. तिला पुन्हा एक प्रशिक्षण घ्यावं लागलं आणि ती कुरकुर न करता पंचविशीतल्या पोरांमध्ये बसून ते घेऊन आली. तोपर्यंत भाड्याचं इंजिन आलं. बसवलं नारायणदांनी, आणि खालची प्रत्येक कड दोघांनी दोनदा आरसा धरून पाहिली. मेच्या चौथ्या शनिवारी वृंदाने वहीत सही केली. उन्हात उभं राहून तिने विमान उडताना पाहिलं. आठ माणसं घेऊन ते धावपट्टीच्या अर्ध्यातच उचललं गेलं आणि उत्तरेकडे वळलं. “बघितलंत?” ती नारायणदांना म्हणाली. “साठ वर्षांपूर्वीचा आराखडा!” हे तिने त्या दिवशी चार वेळा म्हटलं.

रविवारी संध्याकाळी विमान परत आलं. दार उघडलं, पायऱ्या खाली आल्या. डॉक्टर यामिनी सगळ्यांत शेवटी उतरल्या, दमलेल्या, साडी चुरगळलेली. त्या थेट वृंदाकडे आल्या.

“अकरा मुलं,” त्या म्हणाल्या. “सगळ्यात लहान चार महिन्यांची. आज सकाळी आईचं दूध प्यायली. पहिल्यांदा.”

डॉक्टर गेल्या तशी वृंदा वहीकडे वळली. बिघाडाच्या रकान्यात तिने ‘नाही’ लिहिलं, आणि खाली आपलं पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं करून.